मागे पांढरं नको

दांड्याच्या नाक्यावर, सायकलवाल्याच्या माळ्यावर
माझं दुकान. एक कॉम्प्युटर, एक प्लॉटर
आणि सुकत्या बोंबलांचा वास, जो मला आता
गावाहून परतल्यावर पहिला दिवसभरच येतो.

सकाळपासून वाढदिवसाचा बॅनर चालू होता.
सव्वीस शुभेच्छुक, सव्वीस गोल चेहरे.
साडेअकराला फोन: खालून तिसरा काढ, तो काल फुटला.
काढला. एक बटण.
उरलेल्यांना थोडं थोडं सरकवलं,
तिथं कुणी हसत होतं हे कळूही नये असं.

मग भानुबाय वैती जिना चढून आल्या.
पाटी दाराबाहेर ठेवली, हात पदराला पुसले,
दुधाच्या पिशवीतून फोटो काढला.
जयदास वैती. हातात दोर, डोळे उन्हानं बारीक.
"नव्या बोटीच्या काचेवर लावायचाय.
बंदी उठायला आठ दिस ऱ्हायले."

विचारलं, नावाआधी कै. लावू? तारीख?
"नाय. घावला कुठं तो?
सरकार बोलतं, सात वर्षं थांबा. तीन झाली.
हार नको काढू.
पन असा ढळढळीत बी नको, समोर उभा असल्यावानी.
पोरगा त्याच काचेतून बघून बोट हाकनार."

मी जयदासला वेगळ्या लेयरवर घेतलं.
मागचं बंदर, डिझेलचं पिंप,
दुसऱ्या कुणाचा तरी अर्धा खांदा, सगळं काढलं.
काढलं की उरतात ते करडे-पांढरे चौकोन.
इथं काही नाही, एवढं सांगायलाही
या मशीनला काहीतरी दाखवावं लागतं.
"ह्या लाद्या कसल्या?"
लाद्या नाहीत बाय, रिकामं आहे ते.
"मंग रिकामंच दाखव ना."
ते जमत नाही, म्हटलं.

मास्कवर काळा फिरवला की माणूस झाकतो,
पांढरा फिरवला की परत येतो,
पुसलं काहीच जात नाही.
हे मी त्यांना दोनदा सांगितलं. त्यांनी विचारलं नव्हतं.

ओपॅसिटी ऐंशी. "जास्ती."
साठ. गप्प.
पंचवीसला त्या खुर्चीतून उठल्याच,
"वर घे, वर घे,"
जाळं दगडाला अडकल्यावर ओरडतात तशा.
बेचाळीसवर त्यांचं बोट स्क्रीनला टेकलं.
तिथं एक खवलं अजून चिकटलेलं आहे,
मी पुसायचं राहून गेलंय.

कमरेखाली ग्रेडियंट टाकून विरवत नेला.
पायांचं त्या काही बोलल्या नाहीत.
"दोराचा हात पुरा ठेव," एवढंच.
हात शंभर टक्के ठेवला.
विचित्र दिसतं, शिकाऊ पोरानं केल्यासारखं.
ठेवला.

राहिली छपाई.
पारदर्शक शीटवर रंगामागे पांढऱ्या शाईचा थर देतात,
शंभर रुपये जास्त, पण चित्र पक्कं दिसतं.
नाही दिला तर मागे उजेड असेल तेव्हाच दिसणार.
"म्हंजे रातीचा नाय दिसनार?"
नाही.
"आनि पहाटे?"
पहाटे येईल. हळूहळू.
खालून सायकलवाल्याच्या पंपाचा आवाज येत होता.
"मंग मागे पांढरं नको."

पैसे मोजून दिले, वर दोन बांगडे कागदात.
दारातून वळून म्हणाल्या,
"ती फाइल का काय, ठेव. लागंल."
सेव्ह करताना मशीननं विचारलं,
सगळे थर एकच करू का?
नाही दाबलं.

सात वाजता बॅनरवाल्यांचा फोन.
तो खालून तिसरा परत आलाय आपल्यात, लाव त्याला.
शोधला. रिकाम्या गोलाखाली, कचऱ्याच्या डब्यात,
जुन्या कॉपीत.
नवा फोटो पाठवा, म्हटलं.